पहिला तवा

चिखली,
९ सप्टेंबर २०२४

सौ. इंद्रायणीस,

थोरल्या जावेने धाकटीला पत्रात आशीर्वाद लिहावा अशी रीत आहे, म्हणून लिहिला. घ्यायचा तर घे. तुला पाच वेळा फोन लावला, तू एकदाही उचलला नाहीस. सहाव्यांदा लावायला मी काही कर्ज विकणारी बँकेची पोरगी नाही. म्हणून कागद. पोस्टमन तो तुझ्या दारात टाकेल, पुढे तू वाच नाहीतर चुलीत घाल. सांगवीच्या फ्लॅटात तुझ्याकडे चूल नसणार, हे लिहिल्यावर आठवलं.

तर, माझं ऑपरेशन झालं. आतड्यात अगदी शेवटाला, बाहेरच्या दाराजवळ, गाठ होती. वर्षभर रक्त पडत होतं. तुझे थोरले दीर म्हणाले, उष्णता आहे. हे ना डॉक्टर ना वैद्य, पण बोलताना दोन्ही असतात. मग चाकणच्या रस्त्याला भिंतीभिंतीवर जो स्वतःचं नाव रंगवून घेतो, त्या मूळव्याधवाल्याकडे मला नेलं. भिंतीवर हातभर अक्षरं, आणि दवाखाना पंक्चरवाल्याच्या मागे आडोशाला. त्याने सात महिने काळ्या पुड्या खायला घातल्या. शेवटी मोनिकाने हट्ट करून मला खऱ्या डॉक्टरकडे नेलं. मोनिका म्हणजे आमच्या दिग्विजयची बायको. लग्नाचं बोलावणं तुला गेलं होतं, तू आली नाहीस, म्हणून ओळख करून द्यावी लागते. आयटीत आहे, पोळी लाटली की नकाशा होतो, पण डोकं आहे. आमच्या घरात ते एकीलाच मिळालं, ही देवाची काटकसर.

गाठ वाईटच होती, पण पसरली नव्हती. डॉक्टरने तेवढा भाग कापून दोन टोकं जोडली. जोड पक्का होईपर्यंत तिकडून काही जाऊ द्यायचं नाही, म्हणून पोटावर उजव्या अंगाला आतड्याचं तोंड बाहेर काढून ठेवलंय. लाल, ओलं, मोठ्या बोराएवढं. त्यावर पिशवी चिकटवलेली. खाल्लेलं सगळं तिथून पिशवीत येतं, आणि विचारून येत नाही. जानेवारीत दुसरं ऑपरेशन करून ते तोंड आत घालतील आणि मी पूर्वीसारखी होईन, असं डॉक्टर म्हणतो. पूर्वी मी कशी होते हे त्याला काय माहीत?

शुद्धीवर आल्यावर मी त्याला एकच विचारलं, चैत्रातल्या उत्सवाला पहिल्या तव्यावर बसता येईल का. तो म्हणाला, "आजी, कसला तवा?" मोनिकालाही नीट माहीत नव्हतं. तिला सगळं सांगावं लागलं. भैरवनाथाच्या उत्सवाला आपल्या भावकीचा नैवेद्य असतो, बारा चुली मांडतात, त्यातला पहिला तवा थोरल्या घरच्या सुनेचा. तिने एकवीस पुरणपोळ्या एका बैठकीत करायच्या. त्या पुऱ्या होईपर्यंत पाटावरून उठायचं नाही. उठली तर तवा दुसरीचा, आणि तो कायमचा. अठ्ठावीस वर्षं मी बसते आहे. अंगात ताप असताना बसले, आई गेली त्या वर्षी बसले. उठले नाही. हे ऐकून डॉक्टर म्हणाला, "बघू." बघू म्हणे! मी काय त्याला बस थांबवायला सांगत होते?

आपल्यात जे झालं ते मी उकरत नाही. गावात कोणालाही विचार, वाटणीवरून बिनसलं असंच सांगतील. तेच बरं आहे. जमिनीवरून भांडणं हे आपल्याकडे इज्जतीचं काम आहे.

कळवायचं म्हणून कळवलं. उत्तराची वाट बघत नाही.

शालन


चिखली,
६ ऑक्टोबर २०२४

इंद्रायणीस,

उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच, पण पोस्टमन दारावरून गेला की मोनिका माझ्याकडे बघते, ते मला आवडत नाही.

मला बघायला बायका येतात. बघायला म्हणजे पिशवी बघायला. आधी इकडचं तिकडचं बोलतात, मग डोळे हळूच पोटावर येऊन बसतात. परवा ज्योतीरामची आई मक्याची कणसं घेऊन आली. मला कणीस, वाटाणा, सालीचं काही चालत नाही, आतडं तुंबतं, हे मोनिकाने मोठ्या अक्षरात भिंतीवर चिकटवलंय. ज्योतीरामची आई ते वाचून "अगं बाई" म्हणाली आणि माझ्यासमोर बसून दोन कणसं स्वतःच सोलून खाल्ली. वर सांगते, "माझ्या भनीच्या सासऱ्याला बी अशीच पिशवी व्हती. लई चांगला मानूस. गेला." हिला माझ्या मयताला बोलवू नका, असं मी दिग्विजयला सांगून ठेवलंय.

आणि जाताना सगळ्या पदर नाकाशी नेतात. वास नसतो, इंद्रायणी. मी स्वतः वाकून हुंगून बघितलंय, पिशवी नीट बसली असेल तर काडीचा वास येत नाही. पण वास यायचा हे त्यांचं घरूनच ठरलेलं असतं.

हे लिहिलं आणि जरा थांबले. असो.

दर आठवड्याला एक नर्स येते, स्वप्नाली नावाची. लातूरकडची आहे, आपल्याच मागच्या चाळीत भाड्याने राहते. मी तोंड फिरवून पडून राहायचे, तर म्हणाली, "काकू, लाजायलात कशाला? तुमचंच हाय की. बघा त्याच्याकडं, हात लावा." अठ्ठावीस वर्षांची पोर मला हात लावा म्हणते! पण तिने शिकवलं. आता पिशवी मी माझी बदलते. कागदाच्या मापाने भोक कापायचं, कातडं कोरडं करायचं, पावडर टाकायची, चिकटवून तळहाताने ऊब द्यायची. दिवसात सहा वेळा रिकामी करायची. भात, केळं, साबुदाणा खाल्लं की घट्ट येतं. चहा प्याला की नळ.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती बाईलाच कळेल. परकराची नाडी नेमकी पिशवीवर येते. सैल बांधली तर साडी उतरते, आवळली तर पिशवी वर फुगते आणि कडेने सुटते. गणपतीत आरतीच्या वेळी सुटली. दिग्विजयचे प्लॉटिंगवाले मित्र होते, गळ्यात साखळ्या घातलेले, एक ढेकर देऊन दहा गुंठ्यांचा भाव सांगणारे. सगळे एकदम मोबाइलमध्ये बघायला लागले. हे टाळ्या वाजवत राहिले, आणि त्याच रात्रीपासून वरच्या खोलीत झोपतात. जिना चढल्याने गुडघ्याला व्यायाम होतो म्हणे.

तेव्हापासून मला गाऊन घातलाय. केशरी फुलांचा, बाह्यांना झालर. गाऊन घालून दारात उभ्या राहणाऱ्या बायकांना मी जन्मभर नावं ठेवली. आता मी खिडकीतसुद्धा उभी राहत नाही.

शालन


चिखली,
१२ नोव्हेंबर २०२४

इंद्रायणीस,

पार्सल पोचलं. आत चिठ्ठी नाही, वर पाठवणाऱ्याचं नाव नाही. पण शिवण तुझी आहे हे आंधळीलाही कळेल. सरळ जाता जाता उजवीकडे वर चढते. सासूबाई म्हणायच्या, इंदीची शिवण डोंगर चढते आन् पोळी पान्यावर तरंगते.

तीन परकर. नाडी नाही. खांद्याला पट्ट्या, साडी खोचायला छातीखाली रुंद मऊ पट्टा, पोटाशी सैल. पिशवी भरली तरी तिला जागा आहे. पाडव्याला मी त्यावर साडी नेसून पडवीत बसले. दीड महिन्याने मी साडीत होते. ज्योतीरामची आई फाटकातून बघून गेली आणि तिला काहीच दिसलं नाही, त्याने माझी दिवाळी झाली.

पण मागच्या बाजूला तू आतून जुन्या पातळाच्या घड्या लावल्या आहेस. बटणांनी काढता-घालता येणाऱ्या, खाली मेणकापड. त्या मला कशाला? तिकडून सध्या काही जातच नाही. मी दोन दिवस तो परकर उलटासुलटा करून बघत होते. बटण कुठेही टोचत नाही. घडी बसल्यावर सरकत नाही. हा काट कोणालाही एका दिवसात सुचायचा नाही. असे शंभर परकर फाडावेत तेव्हा हे कळतं.

इंदे, बावीस वर्षं तू हेच घालतेस का?

ते बरं होईल, पोरगी चालायला लागली की बरं होईल, असं मी तेव्हा म्हणाले होते. पुढे बरं झालं की नाही ते मी कोणाला विचारलं नाही. विचारायचं तर तू होतीस, आणि आपलं वाटणीवरून बिनसलेलं होतं.

परकर बरे आहेत. धागा हलका वापरला आहेस.

शालन


चिखली,
२६ जानेवारी २०२५

इंद्रायणीस,

दुसरं ऑपरेशन झालं, तोंड आत गेलं, पोटावर फक्त सुरकुतलेला व्रण राहिला. दिग्विजयने पेढे वाटले. "आई नॉर्मल झाली," असं भावकीच्या ग्रुपवर टाकलं, आणि अंगठे आले सत्तर-ऐंशी. आई तेव्हा संडासात होती.

काल सतरा वेळा गेले. डॉक्टर म्हणतो, साठवण्याची जागाच कापली आहे, आता थोडं थोडं आणि सारखं येणार. कळ आली की थांबायला वेळ नाही, आणि कधी कधी कळ न येताच येतं. सहा महिन्यांत सुधारेल, वर्ष लागेल, काहींचं थोडं राहतंच. हे त्याने आधीही सांगितलं होतं म्हणे. मोनिका म्हणते सांगितलं होतं. मी तेव्हा "बघू"वर रागावलेली असणार.

दिग्विजय गाडीची डिकी भरून मोठ्या माणसांचे डायपर घेऊन आला. ते उतरवताना शेजारच्याने विचारलं, तर हे म्हणाले, नातवाचे आहेत. नातू अजून झालेला नाही. आता अख्खी गल्ली मोनिकाचं पोट बघते आहे. निदान माझं तरी सुटलं.

स्वप्नालीने व्यायाम दिलाय. आडवं पडून, संडास रोखून धरल्यासारखं आतून आवळायचं, दहा आकडे मोजायचे, सोडायचं. दिवसातून पाच वेळा. मी म्हटलं, "मी जन्मभर आवळूनच बसलीय गं, निराळं काय करू?" तर म्हणाली, "ते दात आवळायलात काकू. हे खाली आवळायचं." पोरगी तोंडाची आहे. मला आवडते.

थांबायच्या गोळ्या दिल्या आहेत. जेवण थोडं, वेळेवर, तिखट बंद, दूध बंद. रोज फाटकापासून देवळापर्यंत चालायचं. सहाशे पावलं आहेत. पहिल्या दिवशी दोनशेवरून परत आले, पळत आले म्हण. बाहेर पडताना मी आता रस्ता बघत नाही, आडोसे बघते. पेट्रोल पंपाच्या संडासाला कुलूप असतं, फॅब्रिकेशनच्या शॉपमागे पोरं बिड्या ओढत बसलेली असतात, आणि सोसायट्यांचे वॉचमन अशा नजरेने बघतात की मी यांचा टॉवरच चोरून नेणार आहे. ज्या जमिनीवर टॉवर आहे ती आपली होती, हे त्यांना कोण सांगणार?

तू माहेरी जायची बंद झालीस असं कानावर आलं होतं. मी तेव्हा म्हणाले होते, शहरात गेली आणि चढून गेली. सांगवीहून तुझ्या माहेरी बसने अडीच तास. आत्ता समजलं.

मागच्या घड्या लागतात. तुला नोव्हेंबरातच ठाऊक होतं.

शालन


चिखली,
९ मार्च २०२५

इंदे,

काल विजयश्री येऊन गेली. लक्ष्मणरावांची सून, आपल्या नंतरचं घर. तिच्या नवऱ्याने दुसरी चारचाकी घेतल्यापासून ती पायऱ्यासुद्धा सावकाश चढते. सफरचंदं आणली होती, सालीसकट. बसली, एसीचं कौतुक केलं, आणि मग म्हणाली,

"काकू, तुमी यंदा आराम करा. तुमच्यासाठी पुढं खुर्ची टाकू, फ्यानखाली. बसून निस्तं सांगा आमाला."

"आन् तवा?"

"तवा काय, कुनी बी बसंल. मी बसंन."

"का? मला काय झालंय?"

"तसं न्हाई काकू." ती पदराशी चाळा करायला लागली. "पर देवाचं हाय ना."

मी तिला म्हणाले, पाटावर मीच बसणार. उठले तर तवा तुझा, तिथेच, सगळ्यांदेखत. आणि ही सफरचंदं घेऊन जा. ती घेऊन गेली. तेवढी कंजूष आहेच.

मग मी दार लावून घेतलं आणि बसून राहिले. "देवाचं हाय." हे शब्द काही विजयश्रीचे नाहीत, तिला स्वतःचं काही सुचत नाही. त्या वर्षी ती नवी नवरी होती, सातव्या चुलीवर होती. ते तिने माझ्या तोंडून ऐकले आणि बावीस वर्षं जपून ठेवले.

आता लिहितेच. तुझ्याशिवाय वाचणारं कोणी नाही, आणि तुला तर पाठच असेल.

पिंकी सहा महिन्यांची होती. तिला चिमटा लावून काढलं, तू आतून फाटलीस, आणि तुला धरवत नव्हतं. घरात हे मला एकटीला माहीत होतं, कारण तू मलाच सांगितलं होतंस. गोठ्यामागे उभी राहून रडत सांगितलंस, "अक्का, कुनाला सांगू नगा." मी सांगणार नाही म्हणाले. उत्सवाला तू दुसऱ्या चुलीवर होतीस. तुझ्या नवव्या का दहाव्या पोळीला मी माझ्या पाटावरून मान वळवली आणि चौदा बायकांपुढे मोठ्याने म्हणाले, "इंदे, ऊठ. देवाचं हाय." पुढे नाकाला पदर लावला. आणखी काही बोलायची गरजच पडली नाही. तू उठलीस. मी तुझं पुरण म्हशींपुढे टाकायला लावलं, तवा राखेने तीनदा घासून घेतला. आणि हे सगळं मी पाटावर बसून, न उठता केलं. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता.

महिन्याभरात तुम्ही सांगवीत दोन खोल्या घेतल्या. उद्धवभाऊजींनी वाटणी मागितली आणि मला आयतं कारण मिळालं. त्यांना तू खरं सांगितलंस की नाही, मला कधी कळलं नाही. ते आजही यांच्याशी नीट बोलतात, म्हणजे नसावं सांगितलं.

क्षमा वगैरे शब्द मला लिहिता येत नाहीत. ज्यांना येतात ते दर वर्षी व्हॉट्सअॅपवर संक्रांतीला सगळ्यांना पाठवतात, तिळगुळाच्या चित्रासकट.

उत्सव बारा एप्रिलला आहे. काल मी घड्याळ लावून पाटावर बसून पाहिलं. बावन्नाव्या मिनिटाला उठावं लागलं असतं तर मी स्वतःला नशीबवान म्हणाले असते. अठ्ठाविसाव्याला उठले. एकवीस पोळ्यांना सव्वा तास लागतो.

शालन


चिखली,
१३ एप्रिल २०२५

इंदे,

काल उत्सव झाला. सगळं क्रमाने सांगते, मध्ये राग आला तरी वाच.

आदल्या दुपारपासून मी काही खाल्लं नव्हतं. नैवेद्यापर्यंत उपासच असतो, तो यंदा कामाला आला. सकाळी थांबायच्या दोन गोळ्या घेतल्या. तुझा परकर घातला, मागे तीनही घड्या लावल्या, वर हिरवं इरकल नेसले. मोनिकाने विचारलं, "आई, नक्की ना?" मी म्हटलं, "तू पोळ्या लाटायला शिकायच्या वयात मला शिकवू नको." मग ती न विचारता गाडीतून माझ्याबरोबर आली आणि शेडच्या खांबाला टेकून उभी राहिली. ऑफिसला सुट्टी टाकली होती तिने.

देवळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बारा चुली. बायका चौदाच्या आता तीस झाल्यात, पण निम्म्या नुसत्या फोटोला. संडास शेडच्या त्या टोकाला, त्याला कुलूप, किल्ली कमिटीकडे. कमिटी म्हणजे हे. आणि हे स्टेजवर माइक धरून देणगीदारांची नावं वाचत होते. चाळीस वर्षं ह्या माणसाशी संसार केला, आणि ऐन वेळेला किल्ली नेमकी याच्याच खिशात.

विजयश्री माझ्या शेजारी दुसऱ्या चुलीवर बसली. बसली म्हणजे टपली. माझ्या पोळीपेक्षा माझ्याकडे जास्त बघत होती.

पहिल्या पाच पोळ्या सुरेख झाल्या. हात विसरला नव्हता. उंडा घ्यायचा, पुरण भरायचं, कडा आवळायच्या, लाटायचं. खाली मी स्वप्नालीचे दहा आकडे मोजत होते. लाटताना आवळायचं, भाजताना सोडायचं. नवव्या पोळीला पोटात कळ फिरली, दम धरला, गेली. बाराव्याला परत आली. कपाळावर घाम आला, तो चुलीचा म्हणून खपला. मोनिका खांबापासून दोन पावलं पुढे आली. मी डोळ्यांनी तिला थांब म्हटलं.

चौदाव्या पोळीला कळ आलीच नाही. नुसतं झालं. आधी ऊब कळली, मग ओल. पोळी तव्यावर होती. मी ती उलटली.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते सांगते. देव आला नाही. विटाळ आला नाही. तू दहाव्या पोळीला बसली होतीस तशी मला दिसलीस, तोंड खाली घालून, भराभर लाटणारी. आणि मला वाटलं, तिलाही अशीच ऊब कळली असेल आणि तीही असंच लाटत राहिली असेल, आणि मग शेजारून मी बोलले.

विजयश्रीने नाक वर केलं. म्हणाली, "काकू, कसला वास येतोय का वो?"

मी म्हटलं, "तुझी पोळी करपली. खाली बघ."

करपली नव्हती. पण तिने घाबरून उलटली, ती फाटली, पुरण तव्यावर सांडून खरंच करपलं, आणि मग तिथे दुसरा कसला वास येईना. तीस बायका तिच्या तव्याकडे बघायला लागल्या. मी पंधरावी घातली. सोळावी. एकवीसही केल्या, इंदे. सव्वा तासात. तुझ्या घड्यांतून एक थेंब इरकलीला लागला नाही. मग मी पदर खोचून उठले, मोनिकाने पाठीमागून शाल घातली आणि आम्ही गाडीत बसलो. कपडे बदलून नैवेद्याला परत आले.

देवाने नैवेद्य घेतला. गुरवाने नारळ फोडला तो सरळ दोन वाट्यांत फुटला, त्याला बायका चांगलं म्हणतात. मग पंगती बसल्या. लक्ष्मणरावांनी चार पोळ्या खाल्ल्या, तुपात बुडवून, आणि माइकवरून म्हणाले, "थोरल्या वहिनींच्या हाताला देवाचा वास हाय." पुढे बसलेले चारशे लोक टाळ्या वाजवत होते. मी हात जोडले. कोणाला काही झालं नाही. देवाला काही झालं नाही, भावकीला अजीर्णसुद्धा झालं नाही. म्हणजे बावीस वर्षांपूर्वीही कोणाला काही झालं नसतं.

आता सगळ्यात शेवटचं, जे मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी वास आला नव्हता. मी तुझ्या शेजारी होते, आणि वास आला नव्हता. काही दिसलंही नव्हतं. आदल्या रात्री पुरण वाटताना सासूबाई मला म्हणाल्या होत्या, "फुडल्या सालापासून पैल्या तव्यावर इंदीला बसवू. तिची पोळी पातळ हुती." एवढंच. एवढ्यासाठी मी तुझं गोठ्यामागचं रडणं चुलीपुढे आणून ठेवलं. विटाळ तुझ्या लुगड्यात नव्हता, माझ्या तोंडात होता.

मी आयुष्यभर लोकांना तुच्छ मानत आले. हे, दिग्विजय, विजयश्री, ज्योतीरामची आई, तो मूळव्याधवाला. एकेकाला तोडून बोलले, आणि ते सगळे त्या लायकीचेच आहेत, तो शब्द मी मागे घेत नाही. फक्त यादीत एक नाव लिहायचं राहिलं होतं, ते आता लिहिलं आहे.

हा कागद फाडू नकोस. यात चौदाव्या पोळीचं सगळं आहे आणि खाली माझी सही आहे. तुला वाटेल त्या दिवशी भावकीत घेऊन ये आणि वाचून दाखव. विजयश्रीला वाचायला दे, तिचा आवाज खणखणीत आहे. त्यांना शुद्धी करू दे, तवा राखेने घासू दे, चार पोळ्या खाल्लेल्या लक्ष्मणरावांना काय करायचं ते करू दे. मी तुला चौदा बायकांत उठवलं. तू मला हव्या तेवढ्या लोकांत उठव. मी उठेन, इंदे. पाट सरकवून देईन आणि तुझ्या पोळ्यांना उंडे करून देईन.

आणि न येशील तर नको येऊस, तोही तुझा हक्क आहे. माझ्याकडून काही निरोप यायचा नाही.

परकर धुऊन दोरीवर घातलाय. आज पहिल्यांदा पुढच्या अंगणात घातलाय, सगळ्यांना दिसेल असा. उन्हात धरून बघितलं, शिवण अजूनही उजवीकडे चढते.

शालन